मदत हवी आहे : जड झालेले बोलणे आणि विल्सन आजाराची शंका

नमस्कार. माझ्या सतरा वर्षांच्या पुतण्याचे बोलणे दिवाळीपासून जड झाले आहे. ‘र’ आणि ‘ळ’ स्पष्ट उमटत नाहीत, वाक्याच्या शेवटी आवाज विरतो आणि वहीतले अक्षरही बिघडले आहे. घरच्यांना हा परीक्षेचा ताण वाटला, परंतु मेंदूविकारतज्ज्ञांनी विल्सन आजाराची शंका व्यक्त केली. किनिअर विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णिलेल्या या आनुवंशिक विकारात यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूतही साठते आणि अनेकदा सर्वांत आधी उच्चार बिघडतात.

रक्तातील सेरुलोप्लाझमिन (तांबे वाहून नेणारे प्रथिन) कमी आले आहे. २४ तासांच्या लघवीतील तांबे मोजणे आणि तांबे साठल्याने बुबुळाच्या कडेला उमटणारे तपकिरी कडे आहे का, हे स्लिट लॅम्पने (डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाने) पाहणे बाकी आहे. तांब्याच्या हंड्यातले पाणी आम्ही लगेच बंद केले.

पेनिसिलामाइन (शरीरातील जादा तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध) सुरू केल्यावर काही रुग्णांचा त्रास आधी वाढतो, हे वाचून फार काळजी वाटते. ज्यांच्या घरी हे उपचार झाले, त्यांना डॉक्टरांनी मात्रा कशी वाढवून दिली? वाचा-उपचारांनी बोलणे कितपत सुधारले? सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता २५ टक्के असल्याने त्याच्या लहान बहिणीची जनुकीय तपासणी पुण्यात कुठे होईल, हेही कृपया कळवावे.