फिनलंडचा हिवाळा : घराबाहेर काय काय केलंत?

सहलीच्या कार्यक्रमात काय असतं ते आता सगळ्यांना पाठ झालंय. सांताबरोबर फोटो, काचेचं इग्लू, नॉर्दर्न लाइट्स. त्यापलीकडे, उणे 20 मध्ये बाहेर पडून तुम्ही स्वतः काय केलंत, कशाचे पैसे वसूल झाले आणि कशात नुसतेच कुडकुडलात, ते लिहा. उत्तरेकडचं लॅपलंडच हवं असं नाही, हेलसिंकीचंही चालेल. 'मस्त अनुभव' एवढंच लिहून पळू नका!

ठाणेकर
लॅपलंडातल्या रोव्हानिएमीला हस्की सफारी केली, म्हणजे कुत्र्यांच्या गाडीची. महाग आहे, पण वसूल. एका घसरगाडीत दोघं: एक बसणार, दुसरा मागे पट्ट्यांवर उभा राहून हाकणार. कुत्री चित्रातल्यासारखी गुबगुबीत नव्हती, चांगली काटक, लांब पायांची होती. जुंपायला लागल्यापासून असा गलका, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. गाडी सुटली मात्र, सगळी चिडीचूप! मग फक्त बर्फावर पट्ट्या घासल्याचा आवाज. ब्रेक पायाने दाबायचा, त्यावर सगळं वजन टाकायचं. काहीही झालं तरी दांडा सोडायचा नाही, हे वाटाड्याने पुन्हा पुन्हा बजावलं, कारण कुत्री तुमच्यासाठी थांबत नाहीत. चढावर एका पायाने ढकलावं लागतं, त्यात हाकणाऱ्याला घाम फुटतो. गारठतो तो बसलेला. शिवाय कुत्री पळता पळताच विधी उरकतात आणि तो वास थेट बसणाऱ्याच्या नाकात. मध्ये जागा बदलून घ्या.

हेलसिंकीवासी
मी इथेच राहतो, म्हणून फुकटातलं सांगतो. गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरणं, म्हणजे 'पिल्क्की'. साध्या गळाने किंवा पिल्क्कीने मासे धरायला इथे बहुतेक ठिकाणी परवाना लागत नाही, पाहुण्यांनाही नाही. हाताने फिरवायच्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडायचं, झाऱ्याने आतले तुकडे काढायचे आणि वीतभर काठीला बांधलेला दोरा आत सोडून हळूहळू हलवत बसायचं. बर्फ निदान पाच सेंटिमीटर घट्ट असल्याशिवाय पाय ठेवू नका, आणि पुलाखाली, ओढ्याच्या तोंडाशी, बोरूच्या बेटाजवळ तर जाऊच नका, तिथे तो पातळ असतो. जाणती माणसं गळ्यात दोन टोकदार खिळे अडकवून फिरतात. बर्फ फुटलाच तर ते रुतवून वर येता येतं. नवख्याने सोबत कोणीतरी माहीतगार घ्यावा. आम्हाला मिळाले ते पट्टेरी आहवेन, बोटभर लांबीचे. इथले लोक राय नावाच्या धान्याचं पीठ लावून लोण्यात तळतात. आम्ही मालवणी, रवा आणि तिखट लावलं.

साताऱ्याच्या आजी
मला कुत्र्यांची धाव झेपणारी नव्हती. लेकीने रेनडियरच्या गाडीत बसवलं. अंगावर पांघरूण, खाली कातडं, आणि चाल अगदी संथ. कंटाळवाणं आहे असं जावई म्हणाले. मला आवडलं. मालकाला "तुमच्याकडे रेनडियर किती?" असं विचारायचं नसतं हो, ते बँकेत पैसे किती असं विचारण्यासारखं धरतात! पण खरी मजा खुर्चीच्या घसरगाडीची, पोत्कुरी म्हणतात तिला. पुढे बसायला जागा, मागे उभं राहून पायाने रेटायचं. गावातल्या म्हाताऱ्या बाया तीवरून किराणा आणतात. मी बसले, नातू रेटत होता, उताराला ओरडलेसुद्धा.

कॅमेरेवाला
लॅपलंडातल्या लेवीला जानेवारी 2024 च्या पहिल्या आठवड्यात होतो. 5 तारखेला लॅपलंडातल्याच एनोन्टेकिओला उणे 44.3 नोंदलं गेलं, तेच दिवस. आमच्या स्नोमोबाइल आणि हस्की, दोन्ही सफारी रद्द झाल्या. एकाने पैसे परत दिले, दुसऱ्याने 'हवामानाचा नियम' दाखवला. आरक्षण करण्याआधी ही अट वाचाच. नॉर्दर्न लाइट्ससाठी ॲपमधला आकडा बघत बसण्यापेक्षा ढगांचा अंदाज बघा. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवायची. कॅमेरा घरात नेताना बाहेरच पिशवीत घालून बंद करायचा, नाहीतर काच धुक्याने भरते. उभं राहून वाट बघण्यात जेवढी थंडी वाजते तेवढी चालताना कधीच वाजत नाही.

पुण्याची पोहणारी
'अवान्तो' म्हणजे बर्फात कापलेलं भोक, त्यात डुबकी. आधी सौना, म्हणजे गरम वाफेची खोली, मग शिडीवरून खाली. डोक्यावर लोकरी टोपी तशीच, पायात रबरी मोजे. पहिल्या क्षणी श्वास वरच्या वर अडकतो, तेव्हा मुद्दाम सावकाश सोडायचा. बाहेर आल्यावर कातडीला मुंग्या येतात आणि उणे 10 मध्ये ओल्या अंगाने मजेत उभं राहता येतं. हृदयविकार, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निघायच्या तयारीतली
आई-बाबांना घेऊन जायचंय. डिसेंबर की मार्च? आणि कपड्यांवर किती खर्च करू?

हेलसिंकीवासी
ताई, मार्च. डिसेंबरअखेर रोव्हानिएमीला सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास असतो. मार्चमध्ये दिवस बारा तासांचा आणि लॅपलंडात बर्फ तसाच भरपूर. जाड ओव्हरऑल आणि बूट विकत घेऊ नका, बहुतेक सफारीवाले देतात, आधी विचारून घ्या. आतून अंगालगत लोकरीचं पातळ बनियन आणि लेंगा घ्या, सुती अजिबात नको, घामाने ओलं झालं की तेच गारठवतं. हातमोजे बोटं एकत्र राहतील असे. बूट एक नंबर मोठा मागा, आत बोटं हलली पाहिजेत.