गोळी बंद करून मेंदूचं ट्रेनिंग? जरा थांबा

ताई, एडीएचडीची (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) गोळी सोडून मुलाला मेंदूच्या ट्रेनिंगला घालू का, असं तुम्ही विचारलंय. आम्ही ते बेळगावातच करून बसलोय. डोक्याला सेन्सर लावायचे, लक्ष टिकलं की पडद्यावरचं विमान पुढं सरकायचं. पोरगा विमानात तरबेज झाला, गृहपाठाची वही कोरीच! २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला, तो मी नंतर वाचला. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, म्हणजे हेच सेन्सरचं ट्रेनिंग, काहींना नुसतं दिखाव्याचं. सुधारणा दोन्हींकडं जवळपास सारखीच. म्हणजे कौतुक, ठरलेली वेळ, शेजारी बसलेलं माणूस, यांचाच गुण असावा.

मिथाइलफेनिडेट, म्हणजे एडीएचडीची नेहमीची गोळी, मेंदूतली डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायनं वाढवते, तासाभरात असर दिसतो. साध्या गोळीचा जोर चारेक तास. भूक मात्र मरते. आमचा डबा भरलेलाच परत यायचा आणि संध्याकाळी स्वारी कुंदा मागायची. म्हणून सकाळी पोटभर खायला घालूनच गोळी देतो. वजन, उंची, बीपी डॉक्टर दर खेपेला बघतात.

आणखी एक. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी. आपल्याकडं भाषा न कळल्यानंही पोरं वर्गात खिडकीबाहेर बघतात. एडीएचडी म्हणायला लक्षणं घरी आणि शाळेत, दोन्हीकडं दिसावी लागतात. तुमच्या डॉक्टरांनी शाळेकडनं माहिती घेतली होती का? नसेल तर आधी ते करा. गोळी मनानं बंद करू नका.