मदत हवी आहे : कुलदैवत, देवक, गोत्र आमचं नक्की कुठलं ते कसं शोधायचं?

नमस्कार मंडळी, धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, तारीख मार्गशीर्षातली, हॉल केटरर सगळं बुक झालं पण पत्रिका अडलीये कारण वर कोण 'प्रसन्न' छापायचं तेच घरात ठरेना. आम्ही मराठा, मूळ गाव कोरेगाव तालुका, जि. सातारा. आजोबा गिरणीत लागले तेव्हापासून लालबागकर, गावचं घर पडलं, जत्रेपुरतं जाणंसुद्धा राहिलं नाही. आता आई म्हणते खंडोबा, काका म्हणतात जोतिबा आणि आत्या फोनवर "भैरोबाच, आणखी कोण" म्हणून मोकळी झाली. त्यात मुलीकडचा मेसेज, आमचं देवक पंचपालवी (पाच झाडांची पानं), तुमचं काय, एकच निघालं तर सोयरीक व्हायची कशी. गुरुजी गोत्र विचारतायत ते वेगळंच.

देवघरात जुने चांदीचे टाक (देवाची प्रतिमा उठवलेले छोटे पत्रे) आहेत, रांगोळीने घासून घासून नाकडोळे गेलेत. एकावर घोडेस्वार, सोबत बाई बसल्यासारखी वाटते आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं. दुसऱ्यावर नुसता घोडेस्वार. तिसऱ्यावर देवी, हात मोजले तर आठ भरतात. यावरून काही कळेल का? आणि कुलदैवत, देवक, गोत्र हे सगळं वेगवेगळं असतं का, मला तर एकाच गोष्टीची तीन नावं वाटायची. प्लीज कुणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद १
बाई आणि कुत्रं म्हणजे डोळे झाकून खंडोबा-म्हाळसा. आठ हातांची बहुतेक तुळजापूरची भवानी, पायाशी महिषासुर दिसतोय का बघा. दुसरा टाक मात्र भिंग लावून बघा, कारण जोतिबाही घोड्यावर, भैरोबाही घोड्यावर आणि घरातला कुणी लढाईत वगैरे गेला असेल तर त्याच्या नावाने केलेला वीराचा टाकही घोडेस्वारच असतो.

आणि हो, तुमच्या घरात तिघंही खरं बोलत असतील. भैरोबा तुमच्याकडे गावोगाव ग्रामदैवत असतो, तो अख्ख्या गावाचा, सगळ्या जातींचा. जोतिबाला काका चैत्र यात्रेला जात असतील, तिथे मानाची पहिली सासनकाठी (यात्रेत नाचवतात ती उंच सजवलेली काठी) सातारा जिल्ह्यातल्या पाडळीचीच असते, त्यामुळे तुमच्या भागात त्याचे भक्त भरपूर. कुलदैवत म्हणजे पिढीजात भावकीचं. आईला एवढंच विचारा की चातुर्मासात बंद केलेलं वांगं कधी सुटायचं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य आणि तळी भरणं (ताम्हनात भंडारा-खोबरं ठेवून येळकोट म्हणत ते उचलणं) असेल तर खंडोबाच, वाद संपला.

प्रतिसाद २
देवकाबद्दल. देवक म्हणजे कुळाची खूण, बहुतेक झाड, वेल, फूल, पीस असलं काहीतरी. कळंब, सूर्यफूल, मोरपीस अशी बरीच आहेत. लग्नाआधी ते वाजतगाजत मारुतीच्या देवळातून आणून मांडवात बसवतात. सारखं देवक म्हणजे एकाच रक्ताचे, म्हणून लग्न करत नाहीत. नेटवर आडनावाप्रमाणे याद्या फिरतात त्यावर अजिबात जाऊ नका, एकाच आडनावाच्या दोन भावक्यांची देवकं वेगळी असतात आणि याद्याही एकमेकींशी जुळत नाहीत. गावातल्या चुलत घराण्यात शेवटचं लग्न झालं तेव्हा मांडवात काय बांधलं होतं ते विचारा, म्हातारी माणसं बरोबर सांगतील.

गोत्राचं एवढं टेन्शन घेऊ नका. गोत्र ऋषीच्या नावाने. ब्राह्मणेतर घरांत ते पुष्कळदा पुरोहिताचंच घेतलेलं असतं, माहीत नसेल तर गुरुजी काश्यप म्हणून पुढे जातात. कायद्यानेही अडत नाही, सगोत्र विवाहावरची बंदी 1946 लाच उठली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बघतात ते सपिंड नातं, वडिलांकडून पाच पिढ्या आणि आईकडून तीन. मुलीकडच्यांना हे सांगून पटेलच असं नाही म्हणा 😀

प्रतिसाद ३
नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला कुणी जाणारं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यांकडे चौकशी करा. गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. घरातलं कुणी पूर्वी गेलं असेल तर पिढ्यांची नावं सापडतात. देवक मिळेलच असं नाही, पण भावकी सापडली तरी पुढचा रस्ता सोपा. दक्षिणा द्यावी लागते हे उघड आहे.

धागाकर्ती
खूप खूप आभार सगळ्यांचे! आई लगेच म्हणाली की वांगं चंपाषष्ठीलाच सुटायचं आणि तिच्या सासूबाई भंडारा उधळून तळी भरायच्या, त्यामुळे काका गप्प झालेत (आत्या नाही). पत्रिकेवर 'श्री खंडोबा प्रसन्न' आणि 'श्री तुळजाभवानी प्रसन्न' टाकतोय. देवकासाठी भाऊ रविवारी गावी जातोय. आता एकच, जागरण-गोंधळ लग्नाआधी घालायचा की नंतर? आणि जेजुरीला जोडीनेच जायचं ना?

प्रतिसाद १
बहुतेक घरांत लग्नानंतरच, सत्यनारायणाच्या आसपास, तरी आईंना विचारा तुमच्याकडे कसं आहे. जेजुरीला जोडीनेच, आणि भावाला म्हणावं आतापासून जिने चढायची सवय कर, नवरीला उचलून पायऱ्या चढायच्या आहेत. जागरण घालणारे वाघ्या-मुरळी मात्र आजच ठरवा, चंपाषष्ठीच्या आठवड्यात कुणी मोकळं सापडत नाही आणि सापडलंच तर दुप्पट मागतात.