मदत हवी आहे : मासे विकणाऱ्या दुकानदाराला खरी माहिती द्यायला कसं लावायचं?

जळगावात राहतो. गेल्या आठवड्यात इथल्या एका दुकानात माझ्यासमोर एका बाईंना तीन गोल्डफिश आणि फुटबॉलएवढा काचेचा गोळा विकला. वर सल्ला, "आठवड्यातून सगळं पाणी बदला, बस." फिल्टरचं नाव नाही, नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचं नाही. नवीन टाकीत अमोनिया (माशांच्या घाणीतून तयार होणारं विष) पचवणारे जिवाणू तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, हे तर लांबच. त्यात आपला मे महिना! पारा 45 ला टेकतो, पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि गोल्डफिश थंड पाण्यातला मासा.

मालकाशी दोनदा गोडीत बोललो. मराठीत एक पानी तक्ता छापून दिला, तो काउंटरखाली गेला, त्यावर आता खाद्याची पाकिटं ठेवलीत. त्याचं म्हणणं, "भाऊ, एवढं सांगितलं तर गिऱ्हाईक मासाच घेणार नाही." माणूस वाईट नाही, त्यालाही होलसेलवाल्याने एवढंच सांगितलंय.

तक्रार, भांडण, व्हिडिओ नको. गावात अशी दुकानं मोजकीच, मलाही खाद्य तिथूनच आणायचंय. "ऑनलाइन घ्या" हेही नको, प्रश्न नवख्या गिऱ्हाइकांचा आहे.

धुळे, भुसावळ, नंदुरबारकडे कुणी दुकानदाराला यासाठी राजी केलंय का? फिल्टरची विक्री वाढेल हा मुद्दा चालतो का? आणि टाकीवर चिकटवायला फक्त चार ओळी द्यायच्या, तर कोणत्या?