मदत हवी आहे: आईच्या भरतकामाचे नमुने लाकडी रिंगेत कसे बसवू?

नमस्कार,

आईला जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. कपाट आवरताना तिची शिवणक्लासची नमुन्यांची वही सापडली, १९७४ सालची. प्रत्येक पानावर भरतकामाचा एकेक चौकोन, चारही कोपऱ्यांना टाके घालून पानाला जोडलेला, आणि खाली तिच्या अक्षरात टाक्याचं नाव: साखळी टाका, गाठीचा टाका, लेझी डेझी, काज टाका. पानं आता हात लावला की तुटतात. म्हणून चार नमुने सोडवून लाकडी रिंगेत (एकात एक बसणाऱ्या दोन कड्या, बाहेरचीला स्क्रू) बसवायचे आणि आम्हा चार भावंडांच्या घरी एकेक लावायचा, असं ठरलंय.

मागच्या वर्षी मी स्वतः भरलेलं एक फूल असंच बसवलं होतं. कापड ताणलं, मागची कड गोंदाने आतल्या रिंगेला चिकटवली, उरलेलं कापून टाकलं. छान दिसत होतं. आम्ही चिपळूणला राहतो. एक पावसाळा गेला आणि कापड मधोमध सैल पडलं, कडेने गोंदाचं पिवळं वर्तुळ उमटलं. उसवायला गेले तर कड फाटूनच हातात आली. ते माझं काम होतं, पुन्हा भरता येईल. आईचं कसं भरणार?

खरी अडचण मापाची आहे. तुकडे सात इंची चौकोनी, कडा नुसत्या कापलेल्या. नक्षी पाच इंचांची, म्हणून सहा इंची रिंग हवी. पण मग बाजूंना जेमतेम अर्धा इंच कापड उरतं. ते धरून ताणायचं कसं? चारही बाजूंना कापडाच्या पट्ट्या जोडू का? पाच इंची रिंग घेतली तर वेलीचे शेंडे रिंगेखाली जातात. शिवाय एका कोपऱ्यात टाचणीचा गंज आहे, आणि काज टाक्याच्या नमुन्यात लाल धागा आहे. धुवू का नको?

प्रतिसाद

ताई, चारही बाजूंना पट्ट्या जोडू नका. शिवण रिंगेच्या फटीत येते, तिथे जाड होतं आणि पकड सगळीकडे सारखी बसत नाही. दहा इंची मांजरपाटाचा चौकोन घ्या, आधी धुऊन वाळवून, कारण कोरं मांजरपाट आटतं. त्यावर आईचा तुकडा मधोमध ठेवा. दोन्हींचे उभे-आडवे धागे एका रेषेत आले पाहिजेत, नाहीतर ताणल्यावर नक्षी तिरकी दिसते. मग तुकड्याच्या कडेलगत बारीक सुईने एकपदरी धाग्याचा धावदोरा घाला. आता ताण मांजरपाटावर येईल, जुन्या कापडावर नाही.

रिंगेत बसवल्यावर मांजरपाट कडेपासून दीड इंच ठेवून गोल कापा. आईच्या तुकड्याचे कोपरे मात्र कापू नका, आत दुमडा. मग कडेने दुहेरी दोऱ्याचा धावदोरा घालून चुण्या पडेपर्यंत ओढा आणि गाठ मारा. गोंदाचा थेंबही लागत नाही. उद्या रिंग बदलायची झाली तर दोरा कापला की काम मोकळं.

प्रतिसाद

आतली रिंग सुती फितीने गुंडाळून घ्या. उघड्या लाकडातलं आम्ल वर्षानुवर्षं कापडाला लागलं की तिथे तपकिरी डाग पडतो. फितीमुळे कापड घसरतही नाही.

लाल धाग्यासाठी ओला पांढरा कापूस मागच्या बाजूने मिनिटभर दाबून धरा. रंग उतरला तर तो तुकडा धुवूच नका. गंजावर लिंबू चोळायचा मोह होईल, पण इतक्या जुन्या कापडाला ते सोसायचं नाही. डाग कोपऱ्यातच आहे ना? तो रिंगेच्या मागे जाईल.

गाठीचा टाका असलेला तुकडा जाड टॉवेलवर पालथा घालून मागून इस्त्री करा, नाहीतर गाठी चपट्या होतील.

प्रतिसाद

माझं मत जरा वेगळं आहे. इतकी जुनी वस्तू ताणूच नये, सुती कापडात सपाट ठेवावी. लावायचीच असेल तर स्क्रू हातानेच पिळा, पक्कड नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिला ओल धरते. आतल्या भिंतीवरही रिंगेच्या मागे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे हवा खेळती राहील. ऊन थेट पडणार नाही अशी जागा बघा.

धागाकर्ती (प्रश्न विचारणारी)

सगळ्यांचे मनापासून आभार. साखळी टाक्याचा नमुना काल बसवला. ताणायचं म्हणून धास्ती होती, पण मांजरपाटामुळे आईच्या कापडावर खरंच ओढ आली नाही, आणि शेंडे सगळे दिसताहेत. मागून झाकायला पांढरं सुती कापड गोल कापून टाचलं. वहीतलं तिचं अक्षर पेन्सिलने त्यावर उतरवलं आणि 'साखळी टाका' हे दोन शब्द उलट्या टिपेने भरले. तिचा 'ख' वेगळाच असायचा, तो तीनदा उसवला.

लाल धाग्याचा कापूस गुलाबी झाला. तो तुकडा न धुताच बसवणार, पण पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. तोवर मांजरपाटात सपाट गुंडाळून ठेवलाय.