वडिलांच्या नावावरची २०११ ची वॅगन-आर विकून टाकायची आहे. आधी काय, मग काय?

दर्यापूरकर_२७
वॅगन-आर व्हीएक्सआय, के-सिरीज पेट्रोल, नोंदणी जून २०११, पासिंग एमएच-२७ (अमरावती). आरसीची (नोंदणी प्रमाणपत्राची) पंधरा वर्षं येत्या जूनमध्ये भरतात. गाडी वडिलांच्या नावावर, ते मागच्या वर्षी वारले. इंजिन शांत आहे, रस्त्यात कधी अडकवत नाही, पण आता घरात दुसरी गाडी आली.

१) एजंट म्हणतो, वडिलांच्या सहीचे जुने २९-३० नंबरचे (गाडी विकल्याचे) फॉर्म असतील तर थेट गिऱ्हाइकाच्या नावावर करून देतो. चालतं का?
२) मुदत वाढवून विकावी, तशीच विकावी, की भंगारात द्यावी? अकोल्याचा एक भंगारवाला रोख द्यायला तयार आहे.
३) रेडिएटरमधलं पाणी तांबूस झालंय. विकण्याआधी कशावर खर्च करावा?
४) आईला नंबरप्लेट आणि डॅशबोर्डवरची गजानन महाराजांची मूर्ती घरी ठेवायची आहे.

कागद_पक्के
एजंटचं अजिबात ऐकू नका. मालक गेल्यानंतरच्या तारखेचा सौदा त्यांच्या सहीनं दाखवणं म्हणजे सरळ खोटा दस्त. उद्या त्या गाडीनं कुणाला उडवलं तर कागद आधी तुमच्याच घरी येतील.

तुमचा पहिला फॉर्म ३१ नंबरचा, म्हणजे वारसाच्या नावावर हस्तांतरण. नियमात मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवायचं आणि ३ महिन्यांत अर्ज करायचा असं आहे. तुमचा उशीर झालाय, दंड भरावा लागेल, पण काम होतं. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, पीयूसी, तुमचं आधार-पॅन आणि आई-भावंडांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. कुठे एवढ्यावर भागतं, कुठे वारसाचा दाखला मागतात. अमरावती आरटीओची चक्कर मारण्याआधी फोन करून विचारा.

आरसीवर ‘एचपी’ म्हणजे बँकेचा बोजा दिसतो का तेही बघा. कर्ज कधीचं फिटलेलं असतं, पण नोंद तशीच राहून जाते. ती काढायला ३५ नंबरचा फॉर्म आणि बँकेची एनओसी. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, त्यामुळे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरपाट्या लागतील. त्या नसल्या की नाव बदलायचं काम अडतं. ई-चलान बाकी असेल तर तेही मिटवा.

विम्याकडे कुणी पाहत नाही. पॉलिसीधारक वारल्यावर पॉलिसी ३ महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तेवढंच वारसाच्या कामी येते. ती वारसाच्या नावावर झाली नसेल तर गिऱ्हाइकाला चक्कर मारायला देण्याआधी नवी घ्या.

गाडी तुमच्या नावावर आली की मग २९ आणि ३०. २९ ची नोंद राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत व्हायला पाहिजे. चावी देतानाच डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, किलोमीटर, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याचं आधार. ‘नाव मी करून घेतो’ म्हणणाऱ्याला मूळ आरसी द्यायची नाही. आरसीवर ज्याचं नाव, कायद्याच्या नजरेत मालक तोच. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. फास्टॅग बंद करायचं मात्र विसरू नका, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कटत राहील.

वऱ्हाडी_पाना
भाऊ, तांबूस पानी म्हंजे कूलंटच्या जागी बोअरचं पानी टाकेल हाय. तुमी खारपानपट्ट्यातले, तिथलं जमिनीतलं पानी खारं, त्या पान्यानं रेडिएटरच्या नळ्याईत थर बसते अन् आतून गंजते. गिऱ्हाईक झाकण उघडून पायते, मंग भाव पाडते.

इंजिन पार थंड असतानीच झाकन काढा. खालचा पाइप सोडून सारं पानी जाऊ द्या. डिस्टिल्ड वाटर भरा, हिटर फुल गरमवर ठेवा अन् पंखा फिरेपर्यंत इंजिन चालू ठेवा. थंड झालं का पुन्हा सोडा. साफ पानी येईपर्यंत असंच करा, दोन-तीन खेपा लागतात. मंग तयार कूलंट भरा, चार लिटरचा डबा पुरते. जुन्या रेडिएटरमंदी तेजाब-पावडर टाकू नोका; थर निंगते अन् लपेल भोक उघडं पडते. ऑइलच्या झाकनाखाली दुधासारखा फेस दिसला त हेड गॅस्केटचं (इंजिनातल्या सीलचं) काम हाय, मंग गोष्ट येगळी.

दुसरं काम मातीचं. चाकाच्या वरच्या पोकळीत अन् दाराखालच्या पट्टीत काळी माती ठासून बसते. आधी पानी मारून दोन तास भिजू द्या, मंग लाकडी काडीनं दाराखालचे पानी जायाचे भोकं मोकळे करा. लोखंडानं खरवडलं त रंग जाते अन् तिथूनच गंज धरते.

टायमिंग बेल्टचा खर्च सांगणाऱ्याले हाकलून द्या, के-सिरीजले चेन असते. नवे टायर, नवा रंग, काहीच करू नोका. ताजा रंग पायला का गिऱ्हाईक म्हनते, गाडी ठोकेल हाय. इंजिन प्रेशरनं धुऊ नोका, कॉइलमंदी पानी गेलं त इंजिन मिसिंग मारते, झटके देते, थेही नेमकी गिऱ्हाइकासमोर. गिऱ्हाईक याच्या आधी गाडी गरम करून ठेवू नोका. जाणता मानूस बोनेटले हात लावूनच पायते. रातभराच्या थंड इंजिनातून निळा धूर निंगत नाही, हे त्याले सोताच्या डोयानं पाहू द्या.

जुनं_ते_लोखंड
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. नोंदणीचं नूतनीकरण २५ नंबरच्या फॉर्मवर, मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून करता येतं. गाडी तपासणीला न्यावी लागते. कारची फी ५,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा. मुदत उलटल्यावर दर महिन्याला ५०० रुपये जादा. वाढ मिळते ५ वर्षांची. २० वर्षांनंतर फी १०,००० आहे.

तुमची गाडी चालती आहे, भंगारात घालू नका. नाव करून, मुदत वाढवून विका. आपल्याकडे कापूस-सोयाबीनचा पैसा हातात येतो तेव्हा, दिवाळीपासून लग्नसराईपर्यंत, छोट्या पेट्रोल गाडीला गिऱ्हाईक मिळतं. जून-जुलैत पेरणीच्या खर्चात कोण गाडी घेणार? नूतनीकरण वेळेत उरका, विक्रीची घाई करू नका.

अकोल्याच्या रोखवाल्याला सरळ नाही म्हणा. त्यानं गाडी तोडली तरी नोंदणी जिवंत राहते, आणि तुमचा चेसिस नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर बसला तर निस्तरणार तुम्हीच. द्यायचीच झाली तर नोंदणीकृत वाहन मोडीत केंद्रात द्या आणि ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’ घ्या. नव्या गाडीच्या नोंदणी फीमध्ये त्यावर माफी आहे, करातही सवलत आहे. देण्याआधी सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुणाला काढू देऊ नका. त्यात महाग धातू असतो, गॅरेजमधली पोरं तो गुपचूप उतरवतात.

दर्यापूरकर_२७
आरसीवर एचपी खरंच दिसतंय, बँकेत जातो. प्लेट आणि मूर्तीचं काय?

कागद_पक्के
एनओसी नव्या तारखेची मागा. चालू नंबरची पाटी गाडीसोबतच जाते, घरी ठेवायची नाही. आईला जुनी जादा चावी द्यावी म्हणाल, तर तीही नको, घेणारा दोन्ही चाव्या मागतो. वडिलांच्या नावाच्या जुन्या आरसीची रंगीत झेरॉक्स काढून फ्रेम करा.

वऱ्हाडी_पाना
मूर्ती ओढू नोका, उन्हानं डॅशबोर्ड तडकेल असते, तुकडाच हातात येईन. दुपारी गाडी उन्हात ठेवा, टेप नरम पडते. मंग पतंगाचा नाही, मासोळी धरायचा नायलॉन दोरा मूर्तीखाली घालून करवतीवानी मागं-पुढं ओढा. राह्यलेला गोंद खोबरेल तेलानं निंगते. पेट्रोल-थिनर लावलं त प्लास्टिक पांढरं पडते.