केळीच्या बागेतली दुसरी माणसं: कथेतली नक्कल पकडायची कशी?

सातपुडा_वारा (प्रश्न)
दिवाळी अंकासाठी विज्ञान-भयकथा लिहितोय, मर्यादा चार हजार शब्द. रावेर तालुक्यातलं गाव, मे महिना. परग्रहावरचं काहीतरी केळीच्या बागेत उतरतं, माणसांच्या हुबेहूब प्रती तयार करतं आणि मूळ माणसं नाहीशी होतात. पहिला नंबर घरातल्या थोरल्या मुलाचा, संशय येतो त्याच्या आईला. प्रतीला लागणारा माल येतो कुठून, आईला नेमकं खटकतं काय, आणि डॉक्टर तिलाच आजारी ठरवतो ते पटेल असं कसं लिहू, इथे गाडी अडलीय. सध्या तिला मुलाचे डोळे 'थंड' वाटतात. असल्या प्रत्येक कथेत हेच असतं, मलाच कंटाळा आलाय. संवाद अहिराणीत ठेवलेत.

खोडवा
मालाचा हिशोब मांड भो, निम्मी कथा त्यातच आहे. माणूस ७० किलोचा धर. त्यात पाणी ४२ लिटरच्या आसपास, कार्बन साधारण साडेबारा किलो, नायट्रोजन दोन, कॅल्शियम एक, फॉस्फरस पाऊण किलोला थोडा कमी. नायट्रोजनची चिंता नको: युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे एका गोणीत दहा माणसं निघतात. डीएपी खताच्या ५० किलोच्या गोणीत जवळपास दहा किलो फॉस्फरस. कॅल्शियम दोन किलो चुन्यात भागतं.

घोडं अडतं ते कार्बनवर. घड उतरवलेलं केळीचं खोड २५ किलोचं धरलं तरी त्यात ९३ टक्के पाणीच. वाळवून हाती येतात पावणेदोन किलो, त्यात कार्बन सातशे ग्रॅम. एका माणसाला अठरा खोडं लागली. आता गंमत बघ: अठरा खोडांतून पाणी निघतं ४१८ लिटर, माणसात जातं ४२. उरलेलं पावणेचारशे लिटर जाणार कुठे? ते त्याच रानात सांडणार. मे महिन्यात, कापणी झालेल्या, ड्रीपच्या नळ्या गुंडाळून ठेवलेल्या तुकड्यात मधोमध ओल, आणि भोवती अठरा खोडं पिळून काढल्यासारखी कोरडी. शेतकऱ्याला हे मुलाच्या 'थंड' डोळ्यांआधी दिसेल. ड्रीप चालू असलेल्या बागेत मात्र ही ओल कोणाच्या लक्षातही येणार नाही, उन्हाळ्यात तिथे एकेका झाडाला दिवसाला वीसेक लिटर जातंच. तेव्हा तुकडा निवडताना चुकू नकोस.

मूळ माणूसच कच्चा माल म्हणून वापरलास तर हिशोब जुळेल, पण ओल राहणार नाही, पुरावा गेला.

हार्डनिंग_शेड
वरच्या हिशोबात एक भर. टिश्यू कल्चरचं, म्हणजे प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेलं, ग्रँड नैन या केळीच्या जातीचं रोप बाटलीतून काढून थेट उन्हात लावलं तर करपतं. पानावरचा मेणाचा थर पातळ असतो आणि पर्णरंध्रं नीट मिटत नाहीत, त्यामुळे मुळांनी ओढलेलं पाणी टिकत नाही. म्हणून आधी दमट हरितगृहात चार-सहा आठवडे, मग शेडनेटखाली तेवढेच. नवी प्रतही तशीच असणार. मुलाला कावीळ झालीय म्हणून अंधाऱ्या खोलीत ठेवा, खिडकीला ओलं पोतं. एके दिवशी तो दुपारी अंगणात येतो आणि पाच मिनिटांत कानाच्या पाळ्या कडेने तपकिरी पडतात, पानाची कड पडते तशा.

दुसरं म्हणजे प्रतीची प्रत काढत गेलं की बिघाड वाढतो. प्रयोगशाळेत एका कंदापासून रोपं वाढवण्याच्या आठच्या आसपास फेऱ्या झाल्या की थांबतात, नाहीतर वेगळ्याच वळणाची झाडं निघतात, त्यात खुजी जास्त. शेवटी गावात बुटकी माणसं दिसायला लागली तर कारण वाचकाला सांगायचीही गरज नाही.

आसोदेकर
आधी संवाद बदला. 'शे', 'मना', 'तुना' ही अहिराणी धुळे, अमळनेर, पारोळ्याकडची. रावेर-यावलच्या लेवा पाटील समाजाच्या घरात लेवा बोली हवी. तिथे 'मला'चं 'मले' होतं आणि ळ गळून य येतो: डोळा नाही, डोया. तुमच्या आईचा संशय तिथेच ठेवा. प्रत भाषा शिकली असेल रेडिओवरून, टीव्हीवरून. भाकरी वाढताना मुलगा स्वच्छ म्हणतो, "माझा डोळा दुखतोय." आईचा हात परातीवरच थांबतो. डोया नाही, डोळा. पण पुण्यात चार वर्षं राहून आलेला पोरगाही ळ म्हणतोच, त्यामुळे नवरा तिला हसतो. शंका पुराव्यापर्यंत पोचत नाही. भीती म्हणतात ती हीच, थंड डोळे वगैरे राहू द्या.

न्यूरो_नोंदी
डॉक्टरच्या प्रसंगात त्याच्या तोंडी कॅपग्रास हे नाव द्या. आपलं माणूस जाऊन तिथे तोतया आला, असा ठाम समज. जोसेफ कॅपग्रास आणि रबूल-लाशो यांनी १९२३ साली ही अवस्था नोंदवली. चेहरा ओळखू येतो, पण तो बघताना आपलेपणाची जी लहर उठायला हवी ती उठत नाही, आणि मेंदू त्या पोकळीचा अर्थ 'हा तो नव्हे' असा लावतो, असा प्रचलित खुलासा आहे. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९७ मध्ये वर्णन केलेला रुग्ण आई-वडिलांना समोर बघून तोतये म्हणायचा, फोनवर मात्र त्यांना लगेच ओळखायचा.

कथेत याचा उपयोग असा: डॉक्टर मुलाला बाहेर पाठवून आईला फोन लावायला सांगतो. ती आवाज ओळखेल अशी त्याची खात्री. ती ऐकते आणि फोन खाली ठेवते, "हाही नाही." तिथे डॉक्टरचं निदान डगमगतं.

रोटवाली
त्या घरी कानबाई (श्रावणात बसवतात ती खानदेशातली देवी) बसत असेल तर शेवट श्रावणात न्या. मेमधली प्रत शेडनेटचे दिवस संपवून नेमकी तेव्हाच उंबऱ्याबाहेर पडते. तिच्या नैवेद्याच्या रोटांसाठी (गव्हाच्या पोळ्यांसाठी) कितीतरी घरांत पुरुषागणिक सव्वा मूठ गहू मोजतात, आणि तो रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. चार पुरुषांचं घर. आई तीन वेळा सव्वा मूठ सुपात टाकते. चौथी मूठ भरते.

सातपुडा_वारा
अहिराणी काढतोय, तुकडा कापणीचा करतोय. @खोडवा, अठरा खोडं एका रात्रीत कोरडी पडली तर सकाळपर्यंत उभी राहतील का?

खोडवा
नाही. पाण्याच्या ताठरपणावरच उभी असतात ती. मधोमध दुमडतील, आणि पानं खाली लोंबतील. कुत्र्यांना आधी कळेल.